श्रीरंगपट्टणच्या कैदेतलं मराठी पुराण

 

गेल्या काही भागांत आपण हैदर, टिपू, पेशवे आणि इंग्रज यांच्या लढायांबद्दल बोललो. तोफा, तट, तह आणि तारखा भरपूर झाल्या. आजच्या भागात लढाई मागे राहील आणि एक पोथी पुढे येईल. ही पोथी मराठीत आहे आणि ओवीत आहे. ती गोव्यात लिहिली गेली, पण तिची सर्वात कठीण परीक्षा माझ्या घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर झाली, श्रीरंगपट्टणमध्ये. पोथीत गोष्टी आहेत त्या बायबलमधल्या.

अनेक प्रेक्षक विचारतात की ख्रिस्ती सेमिनरीत नेमकं काय शिकवतात, आणि बायबलच्या गोष्टी सांगायला सात-आठ वर्षं शिकावं कशासाठी लागतं? आपल्याकडे आजी गोष्ट सांगते, ती कुठल्या कॉलेजात गेली होती? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मी तत्त्वज्ञानातून देणार नाही, इतिहासातून देईन.

आधी शब्द पाहू. ‘सेमिनरी’ हा शब्द लॅटिन ‘सेमिनारियम’वरून आला. त्याचा अर्थ रोपवाटिका. बी तिथे रुजवायचं, रोप जरा तरारलं की उचलून दुसऱ्या शेतात लावायचं. १५६३ मध्ये ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने ठराव केला की प्रत्येक बिशपने पाद्री घडवण्यासाठी अशी शाळा काढावी. गोव्यात मात्र त्याच्याही आधी, १५४१ मध्ये, स्थानिक मुलांना शिकवून तयार करण्यासाठी संस्था सुरू झाली होती. तीच पुढे सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे आशियातला हा प्रयोग मराठी-कोंकणी मुलखातच सुरू झाला.

आता या रोपवाटिकेतून बाहेर पडलेल्या एका माणसाकडे येऊ.

राशोलचा इंग्रज

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातले. तिकडे कॅथलिकांवर बंदी-बडगा सुरू होता. ते रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट संघात शिरले आणि तिथेच शिकले. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, ते इथेच राहिले. त्यातली बहुतेक वर्षं साष्टीत, म्हणजे मडगाव-राशोल भागात गेली. राशोलच्या जेझुइट कॉलेजचे ते प्रमुखही होते.

त्या काळची साष्टी म्हणजे शांत परगणा नव्हता. देवळं पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती, आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं होतं. त्यांचे मृतदेह ताब्यात घ्यायला जे पुढे गेले त्यांत स्टीफन्स होते. सत्ता पोर्तुगीजांची, बंदुका त्यांच्या, आणि लोकांच्या मनात खदखद. हे सांगितल्याशिवाय पोथीची गोष्ट सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

पोथीच्या सुरुवातीला स्टीफन्स स्वतःच प्रसंग सांगतात. रविवारची धर्मशिक्षणाची शिकवणी संपली आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे येऊन म्हणतो, आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं पुराण का देत नाही?

मंडळी, या मागणीकडे नीट बघा. प्रश्नोत्तरांची पाठ्यपुस्तकं होती, शिकवण्या होत्या, परीक्षाही होत्या. तो माणूस ते मागत नाही. तो पुराण मागतो. संध्याकाळी दिवा लावून चार माणसांत मोठ्याने वाचता येईल, ऐकणाऱ्यांना हुंकार देता येईल, बायकांना जात्यावर गुणगुणता येईल असं काहीतरी मागतो. सिद्धांत त्याला मिळाला होता, पण गोष्ट हवी होती आणि ती त्याच्या सवयीच्या रूपात हवी होती.

स्टीफन्स यांनी ती दिली. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराच्या कथा, दुसऱ्या पुराणात येशूचा जन्म ते स्वर्गारोहण. दोन्ही मिळून पंचाण्णव अध्याय. भाषा मराठी, पण लोकांना समजावी म्हणून त्यात कोंकणी शब्द मिसळलेले. स्वर्गासाठी ते ‘वैकुंठ’ म्हणतात. छंद तोच, जो ज्ञानेश्वरांनी आणि नाथांनी वापरला. मराठी भाषेची त्यांनी केलेली स्तुती तर आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल.

१६१६ मध्ये हे ‘क्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं. लिपी मात्र रोमन होती, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहून स्थानिक लिपीत छापण्याची परवानगी मागितली होती. ती इच्छा राहून गेली. १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग पोथी आपल्यापर्यंत आली कशी? माणसांनी हाताने लिहून काढली म्हणून. त्यासाठी आता गोव्यातून दक्षिणेला यावं लागेल.

घाटाखालून घाटावर

सोळाव्या ते अठराव्या शतकात गोव्यातली हजारो ख्रिस्ती कुटुंबं कारवार, कुंदापूर, मंगळूर भागात येऊन राहिली. कारणं अनेक होती. दुष्काळ, रोगराई, करांचा बोजा, इन्क्विझिशनची भीती. त्यात १६८३ मध्ये संभाजी महाराजांची गोव्यावरची मोहीम आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या काळातल्या मराठा फौजांची स्वारी. याच दरम्यान, १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या सत्तेच्या आश्रयाने पुराण छापलं गेलं, तीच सत्ता आता पुराणाच्या भाषेवर उठली. पण कानडा किनाऱ्यावर पोर्तुगीज फर्मान चालत नव्हतं. तिथे पुराण वाचलं जात राहिलं.

इथे म्हैसूरचा धागाही सांगून ठेवतो. म्हैसूर राज्यातलं जेझुइट मिशन गोवा प्रांताच्या अधिकाराखाली होतं. सतराव्या शतकाच्या मध्यावर लिओनार्डो चिन्नामी हे इटालियन पाद्री गोव्याकडून श्रीरंगपट्टणला आले. मदुराईच्या रॉबर्टो दी नोबिली यांच्या पद्धतीने त्यांनी संन्याशाची राहणी स्वीकारली आणि कन्नडमध्ये धर्मपुस्तकं लिहिली. माणूस ज्या भाषेत ऐकतो त्या भाषेत सांगायचं, ही राशोलची शिस्त अशी कन्नड मुलखातही पोचली होती.

आता १७८४. दुसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध नुकतंच संपत होतं. मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांनी इंग्रजांना मदत केली असा टिपू सुलतानाचा आरोप होता. त्याने कानडातल्या ख्रिस्ती कुटुंबांना पकडून घाटावर श्रीरंगपट्टणला नेण्याचा हुकूम दिला. किती माणसं होती? तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत वेगवेगळे आकडे दिले जातात. मी कुठल्याही एका आकड्यावर सही करणार नाही. बायका, मुलं, म्हातारी माणसं घाट चढून चालत आली आणि वाटेत बरीच मेली, यावर मात्र बहुतेक साधनांचं एकमत आहे. चर्चं पाडली गेली. पाद्र्यांना हाकलून दिलं. तरुणांना सुलतानाच्या पलटणींमध्ये घातलं, अनेकांचं सक्तीने धर्मांतर झालं. ही कैद ४ मे १७९९ रोजी किल्ला पडेपर्यंत चालली.

पंधरा वर्षं. पाद्री नाही, चर्च नाही, मिस्सा नाही, शिकवणी नाही. कैदेत जन्मलेलं मूल पंधरा वर्षांचं झालं तरी त्याने पाद्री पाहिलेला नव्हता.

१९०७ मध्ये मंगळूरच्या जोसेफ सालढाणा यांनी घराघरांतली हस्तलिखितं जमवून क्रिस्तपुराण पुन्हा छापलं. प्रस्तावनेत त्यांनी नोंदवलं आहे की समाजातल्या अनेकांनी त्यांना सांगितलं, टिपूच्या कैदेत आमच्या माणसांची श्रद्धा टिकली ती या पुराणामुळे.

हा पुरावा किती वजनाचा? लष्करात आम्ही लढाईनंतर अहवाल लिहितो, आणि दोन दिवसांनी लिहिलेल्या अहवालातही लोक एकमेकांच्या आठवणी उसन्या घेतात. इथे तर किल्ला पडून एकशे आठ वर्षं झालेली. सांगणारे लोक कैद्यांचे नातू-पणतू. म्हणून ही साक्ष प्रत्यक्षदर्शीची नाही, कुटुंबात चालत आलेली आहे. पण तिला आधार देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, कैदेच्या आधीही आणि नंतरही पोथी त्याच समाजात होती. दुसरी, ओवी हा छंद पाठ होण्यासाठीच घडलेला आहे. पहिल्या तीन चरणांना यमक आणि शेवटी लहान चरण, की पुढचं आपोआप ओठावर येतं. छापील पुस्तक झडतीत सापडतं. पाठ असलेली ओवी झडतीत सापडत नाही.

लष्करातली आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे प्रशिक्षण देणाऱ्याला जवान ‘उस्ताद’ म्हणतात. उस्ताद समोर उभा असताना सगळेच नीट परेड करतात. त्याने काय शिकवलं ते कळतं तो नसताना, रात्री, पावसात, गोळ्या चालू असताना. श्रीरंगपट्टणच्या पंधरा वर्षांकडे मी त्या नजरेने बघतो. स्टीफन्स जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली होती. राशोलमधून जेझुइटांना १७५९ मध्येच पोर्तुगीजांनी काढून टाकलं होतं आणि १७७३ मध्ये पोपनी तो संघच बरखास्त केला होता. उस्तादही गेला, उस्तादाची पलटणही मोडली. शिकवलेलं मात्र एका मराठी पोथीतून कैद्यांच्या तोंडी राहिलं.

वासरू की कोकरू?

किल्ला पडल्यावर या विस्कटलेल्या ख्रिस्ती समाजाला सावरायला एक फ्रेंच पाद्री आले. आबे द्युब्वा. जन्म १७६६, पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेचे. १७९२ मध्ये ते भारतात आले. कर्नल वेलस्ली, जे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले, त्यांच्या शिफारशीवरून ते श्रीरंगपट्टणला आले असं सांगतात. भगवी वस्त्रं, शाकाहार, हातात दंड अशी त्यांची राहणी. लोक त्यांना ‘दोड्ड स्वामी’ म्हणत, म्हणजे मोठे स्वामी. श्रीरंगपट्टणजवळच्या गंजाममधलं चर्च आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. देवीची लस टोचण्याचं कामही त्यांनी या भागात केलं. हिंदूंच्या चालीरीतींवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक तुम्हाला माहीत असेल. त्यातला बराच भाग आधीच्या एका जेझुइटाच्या टिपणांवरून घेतला होता, असं संशोधकांनी पुढे दाखवून दिलं.

आपल्याला आज हवी आहे त्यांची १८२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेली पत्रं. त्यात त्यांनी एक प्रसंग लिहिला आहे.

एकदा ते मंडळीसमोर उधळ्या मुलाचा दृष्टांत समजावत होते. लूकच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, परमुलखात सगळं उधळतो, डुकरं राखायची पाळी येते, शेवटी घरी परततो. बाप लांबूनच बघून धावत जातो, गळ्यात पडतो आणि पोसलेलं वासरू कापून मेजवानी करायला सांगतो. प्रवचन संपल्यावर काही ख्रिस्ती माणसं जरा रागातच द्युब्वांकडे आली. म्हणाली, वासराचा उल्लेख करायला नको होता. कुणी हिंदू ऐकत असता तर आपल्या धर्माबद्दल त्याचं मत आणखी वाईट झालं असतं. पुढच्या वेळी ही गोष्ट सांगाल तेव्हा वासराऐवजी कोकरू म्हणा.

द्युब्वांनी यातून निष्कर्ष काढला की नुसता बायबलचा मजकूर भाषांतर करून इथल्या लोकांच्या हातात दिला तर फायद्याऐवजी नुकसानच होईल. त्यांचा एकूण सूरच निराशेचा होता. मद्रास इलाख्यात चॅप्लेन असलेल्या जेम्स हफ यांनी १८२४ मध्ये त्यांना पुस्तकभर उत्तर दिलं. द्युब्वा मात्र १८२३ मध्येच भारत सोडून गेले होते. पॅरिसमध्ये ते आपल्या संस्थेच्या सेमिनरीत अधिकारी झाले आणि १८४८ मध्ये वारले.

मला या प्रसंगात द्युब्वांपेक्षा ती रागावलेली माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. त्यांनी गोष्ट सांगू नका असं म्हटलं नाही. बापाचं धावत जाणं त्यांना पोचलं होतं, मेजवानीही पोचली होती. ताटात काय वाढलं एवढ्यापाशीच त्यांचा घास अडकला. समोर कोण बसलंय ते ओळखून सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं. ही सूचना कथेकऱ्याची आहे. आपल्याकडचा कोणताही जुना कीर्तनकार ती लगेच समजला असता.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. वासराचं कोकरू केलं, तर उद्या आणखी काय बदलणार? ग्रंथात जे आहे ते आहे. मराठी बायबलात वासरू वासरूच राहिलं, आणि भाषांतरात ते तसंच राहायला हवं. प्रश्न येतो सांगताना. त्या गोष्टीत वासराचं काम काय? वर्षभर एखाद्या खास दिवसासाठी राखून ठेवलेली घरातली मोलाची वस्तू, जी बाप एका क्षणात नालायक ठरलेल्या मुलासाठी काढतो. हे ज्याला कळलं तो कोकरू न म्हणताही ऐकणाऱ्याला सांभाळून घेऊ शकतो. ज्याला कळलं नाही, तो एक तर शब्दाला चिकटून बसतो, नाही तर सगळंच बदलून टाकतो.

आणि इथे सेमिनरीच्या सात-आठ वर्षांचा हिशोब लागतो. साधारण दोन-तीन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं धर्मशास्त्र, सोबत ग्रीक आणि हिब्रू, प्राचीन पॅलेस्टाइनचा इतिहास, प्रवचनशास्त्र. हे सगळं शिकायचं ते गोष्टीचं हाड कुठलं आणि मांस कुठलं हे ओळखण्यासाठी.

नोकरीतलं एक उदाहरण देतो. आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मशिक्षक असतात. ते ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर म्हणून भरती होतात, आणि पाद्री व्हायचं तर आधी रीतसर दीक्षा झालेली लागते. एका पलटणीत आमच्या पाद्रीसाहेबांनी सर्वधर्मस्थळात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. वाटेवर लुटलेला, जखमी माणूस पडलाय. याजक बघून निघून जातो, लेवी निघून जातो, शोमरोनी थांबतो आणि त्याला उचलतो. आपण यातून ‘रस्त्यावर जखमी दिसला तर मदत करावी’ एवढंच घेतो. पाद्रीसाहेब म्हणाले, यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान्पिढ्यांचं वैर होतं, एकमेकांशी व्यवहारही नसे. मग जवानांकडे बघून विचारलं, तुम्ही ताबारेषेवर जखमी पडलाय, आपले दोघे बाजूने निघून गेले, आणि पाणी पाजायला पलीकडचा शिपाई आला. त्याला काय म्हणाल? सर्वधर्मस्थळात कुणी हललं नाही. वैराचा तो संदर्भ त्यांना सेमिनरीतल्या अभ्यासाने दिला होता आणि ताबारेषा जवानांसोबत राहून मिळाली होती. दोन्ही असल्याशिवाय ती गोष्ट तशी सांगता आली नसती.

शिकलेला सुरू करतो, ऐकलेली पूर्ण करते

आता महाराष्ट्रात येऊ, कारण म्हैसूर-श्रीरंगपट्टणला जे घडलं त्याची जोड तिथे सापडते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, धर्मशिक्षण संस्थेत शिकवू लागले. अमेरिकन मराठी मिशनच्या त्या वातावरणात भजनं पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. टिळकांनी अभंग लिहिले, टाळ घेतले, कीर्तनं केली. येशूचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलं आणि नाव दिलं ‘ख्रिस्तायन’. रामायण ऐकत वाढलेल्या माणसाला या नावाचं स्पष्टीकरण लागत नाही. पण १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते.

पुढचा मोठा भाग लिहिला तो लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या, अक्षरओळख लग्नानंतर झालेल्या, सेमिनरीत विद्यार्थिनी म्हणून कधी न बसलेल्या लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्याच. १९३६ मध्ये त्या वारल्या आणि ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर प्रसिद्ध झालं. धर्मशास्त्र शिकवणाऱ्याने सुरू केलेलं काव्य ऐकून शिकलेल्या बाईने पूर्ण केलं. टिळकांच्या शिकवण्याला याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं देणार?

आणि पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म सह्याद्रीत गंगामूळला झाला, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना काही काळ म्हैसूर दरबाराचा आश्रय होता. पुढे हे कुटुंब देवळांत, घाटांवर पुराणं सांगत देशभर फिरलं. समोरच्या बायाबापड्यांना कळेल असं कसं सांगायचं, हे रमाबाई लहानपणी तिथे शिकल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. छपाईचं काम तिथल्याच मुली-बायकांनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून झालं. भाषा त्यांनी मुद्दाम पंडिती ठेवली नाही. आश्रमातल्या अडाणी बाईला कळावं, ही त्यांची कसोटी.

आजचा प्रश्न

आज महाराष्ट्रात आणि शेजारी सेमिनऱ्यांची कमी नाही. पुण्यात पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून आली. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात हलली. बंगळुरूला युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० पासून आहे. राशोलची सेमिनरीही अजून चालू आहे. देशभरातून मुलं-मुली येतात म्हणून मोठ्या संस्थांत शिकवणं मुख्यतः इंग्रजीतून होतं. हे समजण्यासारखं आहे. पण इंग्रजीत शिकलेली गोष्ट उद्या वसईच्या वाडीत किंवा नगरच्या वस्तीत सांगायची आहे. तिथे पुन्हा साष्टीतला तो ब्राह्मण उभा राहणार आणि म्हणणार, हे सगळं ठीक, पण आमचं पुराण कुठे आहे?

आणि मंडळी, हा प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांचा समजू नका. म्हैसूर, बंगळुरू, बडोदा, इंदूर, तंजावर इथे राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतही तोच आहे. नातवंडं इंग्रजी, कन्नड, हिंदी, गुजराती बोलतात. त्यांना आपण मराठीचे सिद्धांत सांगतो की भाषा टिकवा, अभिमान बाळगा. गोष्ट किती जण सांगतो? घरातल्या कोणाला किती ओव्या पाठ आहेत? श्रीरंगपट्टणच्या कैद्यांना मराठीचा अभिमान वगैरे काही सुचण्याची परिस्थिती नव्हती. त्यांची बोली कोंकणी होती, भोवती कन्नड होतं, सत्तेची भाषा फारसी होती. तरी मराठी ओव्या राहिल्या, कारण त्यांत त्यांच्या जिवाची गोष्ट होती.

म्हैसूरला येणारे पर्यटक सेंट फिलोमिनाचं चर्च आवर्जून बघतात. १९३३ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी त्याची पायाभरणी केली. एकशे पंचाहत्तर फुटी मनोरे बघून लोक फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही आलात तर आत जाऊन रंगीत काचांकडे बघा. येशूचा जन्म, शेवटचं भोजन, क्रूस, पुनरुत्थान. वाचता न येणाऱ्यांना गोष्ट सांगायची युरोपातली ती जुनी पद्धत आहे. मग तिथून श्रीरंगपट्टणला जा. तट, दरिया दौलत, गुंबज बघाच, पण पंधरा मिनिटं गंजामच्या छोट्या चर्चसाठीही ठेवा.

एक विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारात, कुठल्याही धर्माच्या म्हाताऱ्या माणसाला ओव्या, पोथी, भजनं पाठ असतील तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. नाव, गाव, तारीख सुरुवातीला बोलून घ्या. सालढाणा यांना १९०७ मध्ये हस्तलिखितांसाठी दारोदार फिरावं लागलं. आपल्याला फक्त एक बटण दाबायचं आहे.

पुढच्या भागात आपण पुन्हा लढाईकडे वळू, १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाकडे. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि कावेरीकाठी पडलेली मराठा छावणी. तोवर नमस्कार.

जय हिंद.